डोनर गाडीच्या पार्ट्सवर स्वस्तातली किट कार: डिझाइन कुठून सुरू करायचं

पहिली गाडी बनवायला घेतली तेव्हा मी चार महिने नुसती चित्रं काढत बसलो होतो. नाक असं, मडगार्ड तसं, मागून बघितलं की गाडी अशी दिसली पाहिजे. मग डोनर आणली, इंजिन बाहेर काढलं, टेप लावली तर इंजिनाची उंची माझ्या चित्रातल्या बॉनेटपेक्षा चांगली नऊ सेंटिमीटर जास्त. आधी कळस मग पाया असा सगळा प्रकार झाला. गाडी शेवटी वेगळीच बनली आणि चालली पण, चित्रं मात्र अजून कपाटात आहेत.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डोनर म्हणजे अशी एक जुनी गाडी जिच्यातून इंजिन, गिअरबॉक्स, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग सगळं काढून घ्यायचं. चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी आपली, बाकी सगळं तिचं. ही कल्पना काही नवीन नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीच्या सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स गाडीचं किट, म्हणजे घरी जोडायचा सुट्या पार्ट्सचा संच, १९५७ पासून विकलं जायचं, त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर कर लागायचा आणि सुट्या पार्ट्सच्या किटवर लागायचा नाही म्हणून लोक घरी जोडायचे. १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅम कंपनीकडे गेले आणि तोच आकार आज जगभरातले हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये पाइप जोडून बनवतात. तिकडे अमेरिकेत ब्रूस मायर्सने १९६४ मध्ये फायबरग्लासची बग्गी काढली, त्यातली यंत्रणा सगळी फोक्सवॅगन बीटलची. दोन्हीकडे अवघड यंत्रणा तयार गाडीतून घेतली म्हणून खर्च आटोक्यात राहिला. आपल्याला तेच करायचंय.

आता क्रमाने.

१. गाडी कशाला हवीय आणि ती रस्त्यावर येऊ शकते का, हे आधी

हे कंटाळवाणं आहे पण इथे घोडं अडलं तर पुढचं सगळं वाया. प्रत्येक देशात घरी बनवलेल्या गाडीचे नियम वेगळे. काही ठिकाणी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते, ब्रिटनमध्ये तिला आयव्हीए म्हणतात, काही ठिकाणी अशी गाडी रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य आणि मग ती फक्त ट्रॅकवर किंवा खासगी जागेत चालवायची. तुमच्याकडचं नोंदणी खातं काय म्हणतं ते चासीचा पहिला पाइप कापायच्या आधी लेखी विचारून घ्या, तोंडी नको. आणि तपासणीचं मॅन्युअल मिळत असेल तर ते डिझाइनच्या आधी वाचा. उदाहरण देतो, आयव्हीएमध्ये बाहेरच्या, अंगाला लागू शकेल अशा कडांना निदान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते. हे शेवटी कळलं तर आरसे, दिव्यांचे ब्रॅकेट, बोल्टची डोकी सगळं परत करत बसावं लागतं.

ट्रॅकसाठी, रोजच्यासाठी की रविवारची फेरी मारायला, तेही एका वाक्यात कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. मधेच मित्र येऊन म्हणेल टर्बो टाक, तेव्हा त्या कागदाकडे बोट दाखवायचं.

२. डोनर निवडणं

माझं स्पष्ट मत: एकच डोनर घ्या, पूर्ण घ्या, चालू घ्या. याचं इंजिन, त्याचा गिअरबॉक्स, तिसऱ्याचं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) हे ऐकायला भारी वाटतं पण मग प्रत्येक जोडणीला एक ॲडॅप्टर प्लेट, प्रत्येक शाफ्टला एक लेथचं काम, आणि स्वस्तातली गाडी म्हणून सुरू केलेलं प्रकरण स्वस्त राहत नाही. एका गाडीचे पार्ट एकमेकांशी जुळलेले असतात, ते जुळवायला कंपनीने डोकं आणि पैसा आधीच घातलाय, तो फुकट घ्या की.

लेआउटनुसार तीन रस्ते आहेत.

पहिला, इंजिन पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि मागची चाकं फिरणारी डोनर. सेव्हन टाइप गाडीला हीच लागते. जुन्या काळी फोर्ड एस्कॉर्ट आणि कॉर्टिना, नंतर सिएरा, आणि आता बऱ्याच वर्षांपासून माझदा एमएक्स-५. पहिल्या पिढीची एमएक्स-५ (१९८९ पासूनची) लोकांना का आवडते ते समजून घ्या म्हणजे दुसरी कुठलीही डोनर पारखता येईल. चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे वर-खाली दोन व्ही आकाराचे आर्म), पुढचं आणि मागचं सस्पेन्शन आपापल्या सबफ्रेमवर, म्हणजे बोल्टने सुट्या होणाऱ्या छोट्या चौकटीवर, बसवलेलं, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमचा बीम, ज्याला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. त्या बीममुळे इंजिन ते डिफरन्शियल हे अंतर ठरलेलं आहे. म्हणजे व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) मूळचाच, २२६५ मिलिमीटर, ठेवला तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स ते डिफरन्शियल फिरणारा दांडा) कापायचा नाही, बॅलन्स करायचा नाही, दोन्ही सबफ्रेम तशाच उचलून नव्या चासीला बोल्ट करायच्या. एक्सोसेट नावाचं किट याच विचारावर उभं आहे.

दुसरा, पुढे आडवं इंजिन आणि पुढचीच चाकं फिरणारी डोनर. या सगळ्यात जास्त मिळतात आणि सगळ्यात स्वस्त पडतात. यांचं इंजिन-गिअरबॉक्सचं आख्खं बोचकं उचलून सीटच्या मागे ठेवायचं, मिड-इंजिन गाडी तयार. इथे एक धोका आहे, बोचकं फक्त मागे सरकवायचं, फिरवायचं नाही. उभ्या अक्षावर अर्धा फेरा फिरवून बसवलं की गाडीला रिव्हर्सचे पाच गिअर आणि पुढे जायला एक असं होईल, हसू नका, उत्साहाच्या भरात एखादा माणूस इथेही फसतो. आणि मागे गेलेल्या हबना स्टिअरिंगचे आर्म असतात, ते चासीला ठरावीक लांबीच्या रॉडने बांधून टाकायचे, नाहीतर मागची चाकं स्वतःच्या मनाने वळतील. गिअरच्या केबल लांब लागतील, कूलंटचे पाइप पुढच्या रेडिएटरपर्यंत न्यावे लागतील.

तिसरा, बीटलसारखी मागे इंजिन असलेली आणि खाली वेगळा फ्लोअरपॅन (बॉडीपासून सुटा होणारा तळ) असलेली. सोपं काम, पण बॉडीच्या आकाराला मर्यादा.

खरेदी करताना बॉडी गंजलेली, पत्रा सडलेला, सीट फाटलेल्या असल्या तरी चालतं, उलट त्याच गाड्या स्वस्त असतात. ॲक्सिडेंटची घेत असाल तर कुठून ठोकलीय ते बघा. मागून हलकी ठोकलेली बरी. कोपऱ्यातून ठोकलेली असेल तर त्या चाकाचा हब कॅरियर (हब धरून ठेवणारा ओतीव भाग), आर्म, रॅक (चाकं वळवणारा स्टिअरिंगचा आडवा दांडा) सगळं संशयास्पद, आणि वाकलेला हब कॅरियर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाकी गाडी सुरू करून, चालवून, सगळे गिअर टाकून, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत थांबून मगच पैसे द्या.

३. डोनर उघडण्याआधी मोजा. पाना बाजूला ठेवा आणि मोजा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, मी पण चुकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी आली की हात शिवशिवतात, दोन दिवसात सगळी सुटी करून टाकावीशी वाटते. पण एकदा सुटी झाली की चाकावर उभी असताना विशबोन कुठल्या कोनात होता, ड्राइव्हशाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) किती तिरपा होता, स्टिअरिंगचा रॅक हबच्या मानाने किती उंचीवर होता, हे परत कधीच कळत नाही. मी चासीसाठी राइड हाइट (चासीची जमिनीपासून उंची) अंदाजाने धरली आणि नंतर मागचे ड्राइव्हशाफ्ट आतल्या जॉइंटमध्ये पूर्ण दाबले जात होते, स्पीडब्रेकरवर टकटक आवाज यायचा. मागचे माउंट कापून परत वेल्ड केले, तीन रविवार गेले.

गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा, स्टिअरिंग सरळ. मग गवंड्याची हत्यारं काढा. ओळंबा सोडून प्रत्येक पिव्होटचा, म्हणजे विशबोनचे आतले बोल्ट, बॉल जॉइंट, रॅकची टोकं, हबचा मध्य, यांचा बिंदू खाली फरशीवर खडूने मारायचा. मधोमध सुतळी ताणून गाडीची मध्यरेषा काढायची. मग प्रत्येक बिंदूचं मध्यरेषेपासूनचं अंतर, पुढच्या एक्सलच्या रेषेपासूनचं अंतर आणि फरशीपासूनची उंची असे तीन आकडे लिहायचे. हेच तुमचे हार्ड पॉइंट. डाव्या-उजव्या बाजूचे आकडे तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळे आले तर परत मोजा, परत तेच आले तर गाडी कधीतरी ठोकलेली आहे.

याच वेळी हेही लिहून ठेवा:

- चारही चाकांवरचं वजन. मोठा काटा नसेल तर घरातला वजनकाटा चालतो, एका जाड फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटेवर, चाक फळीच्या बरोबर मध्यावर. काट्यावर जे दिसेल त्यातून फळीचं अर्धं वजन वजा करून दुप्पट करायचं. बाकीची तीन चाकं पण तेवढीच उचललेली हवीत, आणि फळी गाडीचं वजन पेलेल इतकी जाड.
- इंजिन आणि गिअरबॉक्सची लांबी-रुंदी-उंची, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा बिंदू, ऑइल संप (खालची ऑइलची टाकी) आणि इन्टेक (हवा आत घेणारे पाइप) धरून.
- इंजिन मागच्या बाजूला किती अंश झुकलेलं आहे. ऑइलचा पिकअप, म्हणजे संपमधून ऑइल ओढणारी नळी, त्या कोनासाठी बनवलेला असतो.
- चाकांचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आणि ऑफसेट (रिम हबपासून किती आत-बाहेर बसतं ते). एमएक्स-५ ला ४ बोल्ट १०० मिलिमीटरवर, जुन्या फोर्डना ४ बोल्ट १०८ वर, म्हणजे हातात आलेले कुठलेही सुंदर रिम बसतीलच असं नाही.
- फोटो. शे-दोनशे नाही, हजार. प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक क्लिप, प्रत्येक होस कुठून कुठे जातो.

उघडताना प्रत्येक असेंब्लीचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. "नंतर लक्षात राहील" असं वाटतं, नाही राहत.

४. आधी माणूस बसवा

हार्ड पॉइंट हातात आले की चासी काढायची घाई होते. थांबा. प्लायवूड, पुठ्ठा, लाकडी पट्ट्या घेऊन गाडीचा मधला भाग खऱ्या मापात उभा करा. सीट ठेवा, पेडल ठेवा, स्टिअरिंग एका खुंटीवर अडकवा आणि अर्धा तास त्यात बसून राहा. बायकोला बसवा, उंच भावाला बसवा, बूट घालून बसवा.

सेव्हन टाइप गाडीत पाय ठेवायची जागा गिअरबॉक्समुळे फार अरुंद होते. माझ्या पहिल्या मॉकअपमध्ये ब्रेक दाबला की बुटाची कड ॲक्सिलरेटरला लागायची, पुठ्ठ्यात ते दोन मिनिटात सुधारलं. पाइप वेल्ड झाल्यावर कळलं असतं तर काय केलं असतं देव जाणे. गुडघा आणि स्टिअरिंग, कोपर आणि हँडब्रेक, डोकं आणि रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा पाइप) ही सगळी भांडणं इथेच मिटवायची.

बेल्टचे पॉइंट पण इथेच ठरवा. खांद्यावरून जाणारा पट्टा मागे खांद्याच्या उंचीच्या आसपासच बांधला गेला पाहिजे, खूप खाली ओढून बांधला तर धडकेत तो मणका खाली दाबतो. आणि हे बोल्ट शक्यतो डोनरचेच वापरा, बऱ्याच गाड्यांत ते ७/१६ इंच यूएनएफ (बारीक इंची) आट्याचे असतात, नेहमीचा मेट्रिक बोल्ट त्यात जबरदस्तीने घुसवायचा नाही.

५. सस्पेन्शनची भूमिती

पूर्ण सबफ्रेम उचलून वापरणार असाल तर हा भाग वरवर वाचून पुढे जा, भूमिती कंपनीने करून दिलीय. फक्त हब घेऊन स्वतःचे विशबोन बनवणार असाल तर मात्र इथे वेळ द्या.

हब कॅरियर आला की त्यातून किंगपिनचा कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा समोरून दिसणारा कल), बॉल जॉइंटमधलं अंतर, स्टिअरिंग आर्मची लांबी ठरलेलीच येते. तुमच्या हातात उरतं ते विशबोनची लांबी, आतल्या पिव्होटची जागा आणि कॅस्टर (त्याच अक्षाचा बाजूने दिसणारा कल). समोरून दिसेल असं चित्र काढा, कागदावर १:५ च्या प्रमाणात पण चालतं. वरचा विशबोन खालच्यापेक्षा आखूड ठेवा म्हणजे गाडी वळणात झुकली की बाहेरचं चाक रस्त्यावर जास्त सपाट राहतं. पुठ्ठ्याचे विशबोन कापून टाचणीवर फिरवून बघा, चाक वर-खाली करा, कॅम्बर (चाकाचा समोरून दिसणारा कल) कोनमापकाने मोजा. कॉम्प्युटरवर पण होतं हे सगळं, पण पुठ्ठ्यावर हाताला कळतं.

डोनरला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या विशबोनऐवजी स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब) असेल, सिएराला तसंच आहे, तर हबला वरचा बॉल जॉइंट नसतोच. स्ट्रट जिथे बसायचा तिथे लेथवर बनवलेला एक तुकडा बसवून त्यात बॉल जॉइंट घ्यावा लागतो. तो तुकडा चांगल्या मशिनिस्टकडूनच करून घ्या आणि सामान्य बोल्टच्या भरवशावर सोडू नका.

बंप स्टीअर म्हणजे चाक खड्ड्यात गेलं की हात न लावता स्टिअरिंग वळल्यासारखं होणं. याचं कारण बहुतेक वेळा रॅकची लांबी किंवा उंची चुकलेली असते. समोरच्या चित्रात वरच्या आणि खालच्या विशबोनच्या रेषा आत वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. टाय रॉडची (रॅकपासून हबपर्यंतच्या रॉडची) रेषापण त्याच बिंदूकडे गेली पाहिजे, आणि रॅकचा आतला जॉइंट विशबोनच्या दोन आतल्या पिव्होटना जोडणाऱ्या रेषेवर पडला पाहिजे. डोनरचा रॅक रुंद गाडीचा असतो, तुमची चासी अरुंद, त्यामुळे बरेचदा विशबोनचे पिव्होटच रॅकला बघून ठरवावे लागतात. रॅक कापून वेल्ड करायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. स्टिअरिंगच्या कुठल्याच पार्टला वेल्डिंग नाही, स्टिअरिंग आर्म तापवून वाकवणं पण नाही.

अजून एक: इंजिनाला जागा व्हावी म्हणून काहीजण डावा हब उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावून रॅक पुढे आणतात. स्टिअरिंग चालतं, पण ॲकरमन (वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायची रचना) उलटं होतं आणि हळू वळताना आतलं चाक घासत जातं.

स्प्रिंगचं गणित सोपं आहे आणि ते केल्याशिवाय स्प्रिंग विकत घेऊ नका. डोनरचं वजन सुमारे हजार किलो आणि तुमची गाडी सहाशे, तर डोनरच्या स्प्रिंगवर ती बैलगाडीसारखी उडेल. समजा एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन १२० किलो आहे आणि तुम्हाला १.६ हर्ट्झची वारंवारता हवीय, रस्त्यावरच्या हलक्या स्पोर्ट्स गाडीला हा बरा आकडा आहे. २ गुणिले पाय गुणिले १.६ म्हणजे १०.०५, त्याचा वर्ग १०१, गुणिले १२० म्हणजे चाकापाशी साधारण १२ न्यूटन प्रति मिलिमीटर. आता शॉकॲब्सॉर्बर तिरपा आणि विशबोनच्या मधेच कुठेतरी बसवलेला असतो, चाक १० मिलिमीटर वर गेलं की स्प्रिंग समजा ७ मिलिमीटर दाबते. हा झाला ०.७ चा मोशन रेशो. १२ ला ०.७ च्या वर्गाने, म्हणजे ०.४९ ने भागा, स्प्रिंग आली २४-२५ न्यूटन प्रति मिलिमीटरची. वर्ग करायला विसरणं ही नेहमीची चूक, मग स्प्रिंग मऊ येते आणि गाडी बसते.

रॉड एंड (आट्याच्या दांड्यावरचे गोल जॉइंट) छान दिसतात, ॲडजस्ट पण होतात, पण ज्या विशबोनवर स्प्रिंगचा भार आहे त्याच्या बाहेरच्या टोकाला आट्याचा रॉड एंड लावू नका. तिथे तो वाकवला जातो आणि आट्याच्या मुळाशी तुटतो. तिथे डोनरचा बॉल जॉइंटच बरा.

६. चासी

सेव्हन टाइप स्पेस फ्रेमला (पाइपांच्या जाळीच्या चासीला) बहुतेक लोक २५ मिलिमीटरचा चौकोनी माइल्ड स्टील पाइप, १.६ मिलिमीटर जाडीचा वापरतात. मीटरला सुमारे १.२ किलो भरतो, म्हणजे ५० मीटर पाइप लागला तर ६० किलो. "जरा मजबूत होऊ दे" म्हणून जाडी वाढवत गेलात की वजन वाढतं आणि कडकपणा म्हणावा तेवढा वाढत नाही, कारण मजबुती त्रिकोणातून येते. चौकोन ढकलला की चेपतो, त्यात एक तिरपा पाइप टाकला की हलत नाही. जिथे विशबोन किंवा इंजिनाचा माउंट येतो तिथे पाइपांचा सांधा हवा, पाइपच्या मधोमध ब्रॅकेट नको.

पाइप आणायच्या आधी लाकडी काड्या आणि गोंद घेऊन १:१० चं मॉडेल करा आणि दोन हातात धरून पिळा. कुठली काडी निरुपयोगी आहे आणि कुठे एक कमी पडतेय ते लगेच जाणवतं. इंजिनाच्या वरचा भाग उघडा राहतो तो सगळ्यात नाजूक.

खरी चासी सपाट, जड टेबलावरच बनवा. आधी सगळं ठिपक्याएवढं वेल्ड करून नुसतं अडकवा, गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा, मग पूर्ण वेल्ड, तेही एका बाजूला थोडं, मग विरुद्ध बाजूला थोडं. एका टोकाकडून सरळ वेल्ड करत गेलात तर चासी केळ्यासारखी वाकते. वेल्डिंग नवीन शिकत असाल तर भंगार पाइपवर शंभर सांधे करा, ते कापून बघा, वाकवून तोडून बघा, आणि सस्पेन्शनचे ब्रॅकेट मात्र अनुभवी वेल्डरकडून करून घ्या, यात कमीपणा नाही. पार्ट ब्रेक क्लीनरने धुवून लगेच वेल्ड करू नका, क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून उष्णतेने विषारी वायू होतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा धूरपण छातीत घ्यायचा नाही.

पीळ मोजायचा असेल तर मागची बाजू टेबलाला बांधा, पुढे आडवा बीम बांधून मध्यावर टेकू द्या, मध्यापासून १ मीटरवर ५० किलो लटकवा. हे झालं साधारण ४९० न्यूटन-मीटर. चासी ०.४ अंश पिळली तर कडकपणा सव्वाबाराशे न्यूटन-मीटर प्रति अंश. एक तिरपा पाइप क्लॅम्पने लावून परत मोजा, फरक पडला तर वेल्ड, नाहीतर काढा.

७. ब्रेक आणि स्टिअरिंग कॉलम

इथे पैसे वाचवू नका, एवढंच आधी सांगतो. कॅलिपर, डिस्क डोनरच्या, पण सील, होस, पाइप सगळं नवीन. ब्रेकला साधा तांब्याचा पाइप नाही, तांबं-निकेल मिश्रणाचा किंवा स्टीलचा.

हलक्या गाडीत बरेचजण सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारा ब्रेकचा बूस्टर) काढून टाकतात, मग पेडलचा रेशो (पायाचा जोर किती पट होतो ते) ५:१ किंवा ६:१ च्या आसपास न्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचा पुढचा-मागचा बॅलन्स. डोनरचा बॅलन्स तिच्या वजनासाठी होता, तुमच्या गाडीचं वजन, व्हीलबेस, उंची सगळं वेगळं. जोरात ब्रेक मारल्यावर पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून सुरुवात पुढे जास्त ब्रेक ठेवूनच करा आणि मोकळ्या, बंद जागेत हळूहळू जुळवा.

स्टिअरिंग कॉलमचा धडकेत आत दबणारा भाग डोनरचाच ठेवा. दोन युनिव्हर्सल जॉइंट लागत असतील तर त्यांचे कोन शक्य तितके सारखे आणि ३० अंशांच्या आत, आणि दोघांची योक (जॉइंटचे काटे) एका रांगेत, नाहीतर स्टिअरिंग फिरवताना जड-हलकं-जड-हलकं लागतं.

८. वायरिंग

कापू नका. डोनरची आख्खी वायरिंग एका अखंड तुकड्यात बाहेर काढा, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी, जमिनीवर पसरून फोटो. मग सगळं जमिनीवरच जोडून इंजिन सुरू होतंय का बघा आणि त्यानंतरच पॉवर विंडो, एसी वगैरे नको असलेल्या वायरी एकेक करून काढा, एक काढली की परत स्टार्ट मारून बघायचं. इंजिन ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र) आणि चावी हे त्रिकूट एकाच गाडीचं लागतं. माझ्याकडून चावीच्या कुलपाभोवतीची, चावी ओळखणारी रिंग जुन्या बॉडीबरोबर भंगारात गेली, इंजिन फिरायचं पण पेटायचं नाही, आठ दिवस मी गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाला शिव्या देत होतो.

फायबरच्या बॉडीतून अर्थिंग मिळत नाही, प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर चासीपर्यंत न्या. दिवे मिणमिणत असतील तर दहातल्या नऊ वेळा हेच.

९. बॉडी, टाकी, रेडिएटर

सपाट भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेट आणि चिकटवणारं सीलंट लावून. स्टील आणि ॲल्युमिनियम थेट भिडू देऊ नका, पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खायला लागतं. गोल भाग, नाक आणि मडगार्ड, फायबरग्लासचे आणि शक्य तर विकत आणलेले, स्वतः साचा बनवणं म्हणजे अजून एक गाडी बनवण्याएवढं काम. टाकीत आडवे पत्रे हवेत नाहीतर वळणात पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा खेचतो. इंजेक्शनच्या इंजिनला त्या दाबाचाच होस, जुना कार्बोरेटरचा नाही. रेडिएटरच्या चारी कडा सील करा, हवा आळशी असते, बाजूने वाट मिळाली की रेडिएटरमधून जात नाही.

१०. पैसे कुठे जातात

डोनर स्वस्तात मिळते, उरलेले दरवाजे, काचा, सीट, डॅशबोर्ड विकून तिचा बराचसा खर्च निघतो. पाइप पण फार महाग नाही. खिसा रिकामा होतो तो किरकोळ गोष्टींनी: बोल्ट, बुश, होस, ग्राइंडरच्या चकत्या, वेल्डिंगची तार आणि गॅस, टायर, रंग, तपासणीची फी. मी प्रत्येक बोल्ट वहीत लिहायला लागलो तेव्हा कुठे कळलं. पहिल्या दिवसापासून वही ठेवा, आणि जे बजेट काढाल त्याचा एक तृतीयांश वेगळा बाजूला. सस्पेन्शनचे बोल्ट निदान ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सैल न होणारे) प्रत्येक वेळी नवीन, आणि ब्रॅकेटमध्ये बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे नाही.

११. हत्यारं आणि कागद

हत्यारं: मिग वेल्डर, अँगल ग्राइंडर, ड्रिल, टॉर्क पाना, इंजिन काढायची क्रेन, चार भक्कम ॲक्सल स्टँड, गुण्या, ओळंबा, डिजिटल अँगल मीटर, रिव्हेट गन. क्रेन भाड्याने मिळते. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच जायचं नाही.

कागद: डोनरचं नोंदणीपत्र, खरेदीची पावती, चासी नंबर आणि इंजिन नंबर जागेवर असतानाचा फोटो, प्रत्येक नवीन पार्टचं बिल, बांधकामाचे तारखेसकट फोटो. डोनरची बॉडी भंगारात देताना तिच्या नोंदणीचं काय करायचं ते आधी विचारा, एकदा नोंदणी रद्द झाली की काही ठिकाणी त्या पार्ट्सचं वय आणि मालकी सिद्ध करणं अवघड जातं.

१२. पहिला स्टार्ट आणि पहिले शंभर किलोमीटर

स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवा, ऑइलचं प्रेशर दिसलं की मग प्लग लावा. शेजारी अग्निशामक आणि एक माणूस. आधी जागेवर गरम होऊ द्या, गळती बघा, पंखा आपोआप सुरू होतो का बघा. मग बंद जागेत चालण्याच्या वेगाने, चार वेळा ब्रेक, परत जॅकवर, सगळे बोल्ट बघा. प्रत्येक घट्ट केलेल्या बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की सरकलेला लगेच दिसतो. दहा किलोमीटरला एकदा, पन्नासला एकदा, शंभरला एकदा परत टॉर्क. माझा पन्नासला मागच्या खालच्या विशबोनचा एक नट पाव फेरा सैल निघाला होता.

चाकांचा अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, सीटवर तुमच्या वजनाची पोती ठेवून.